वाचकांचे प्रश्न : दारात उभी असलेली दोन मुलं आणि त्यांची जपानी

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांकडून आणि इकडे जपानी शिकणाऱ्यांकडून एकाच विषयावर बरीच पत्रं आली. सायकलवरून फिरणारे, काळी नामपट्टी लावलेले तरुण मॉर्मन मिशनरी नेमकं काय करतात, कसं शिकवतात, भाषा कुठे शिकतात, हे सगळ्यांनाच विचारायचं आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत.

आमच्या इमारतीत दर दोन-तीन महिन्यांनी दोन परदेशी मुलं येतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर पट्टी. दर वेळी एक चेहरा जुना आणि एक नवा. हे कोण? यांना पगार कोण देतं? चेहरे का बदलतात?
– एक वाचक, नागोया

ही मुलं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. जग त्यांना मॉर्मन म्हणतं, पण २०१८ पासून चर्च आपलं पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरतं. तुमच्या दारातल्या मुलांशी बोलताना तेवढं लक्षात ठेवलंत तर त्यांना बरं वाटेल.

मुलं चोवीस महिने सेवा करतात, मुली अठरा महिने. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं गेलं, त्यानंतर मुलींचं प्रमाण खूप वाढलं. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या मुलाचं कुटुंब, किंवा साठवलेल्या पैशातून तो स्वतः, दरमहा ठरावीक रक्कम भरतो. ही रक्कम आधी ४०० डॉलर होती, जुलै २०२० पासून ५०० झाली. सगळे पैसे एका निधीत जातात, त्यामुळे महागड्या टोकियोत गेलेल्याला जास्त आणि स्वस्त देशात गेलेल्याला कमी, असा फरक पडत नाही. देश निवडायची मुभा मात्र कुणालाच नाही. अर्ज करायचा, पत्राची वाट पाहायची आणि पत्रात लिहिलेल्या गावी जायचं.

मिशनरी कधीही एकटा राहत नाही. ठरवून दिलेला जोडीदार न्हाणीघराची वेळ सोडली तर सतत नजरेच्या टप्प्यात असतो, झोपायचंही एकाच खोलीत. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. जोडीतला एक हलतो आणि दुसरा थांबतो, कारण गावातले रस्ते आणि माणसं ओळखणारा कुणीतरी मागे राहायला हवा. तुम्हाला दिसतो तो जुना चेहरा याचाच. पट्टीवर आडनावाशेजारी मुलांच्या बाबतीत ‘चोऽरो’ (म्हणजे ज्येष्ठ, इंग्रजीतला ‘एल्डर’) आणि मुलींच्या बाबतीत ‘शिमाइ’ (बहीण) असं लिहिलेलं असतं. ती पदवी आहे. तिचा वयाशी संबंध नाही.

जपानमध्ये या बदल्यांना कागदपत्रांची शेपटी आहे. ‘धार्मिक कार्य’ हा वेगळा व्हिसाप्रकार आहे. पत्ता बदलला की १४ दिवसांच्या आत नगर कार्यालयात नोंद करावी लागते, निवासपत्र कायम जवळ लागतं, सायकलवर चोरीविरोधी नोंदणीची चिकटपट्टी लागते. बदली होऊन सायकल दुसऱ्याकडे गेली आणि नोंदणी जुन्याच नावावर राहिली, तर पोलिसांनी अडवल्यावर तासभर मोडतो. अर्धवट भाषेत खुलासा देताना घाम फुटतो तो वेगळाच.

मी जपानीची शिक्षिका आहे. माझे विद्यार्थी चार-चार वर्षं शिकून तोंड उघडत नाहीत. ही मुलं काही आठवड्यांत दारोदार बोलतात कशी?
– एक वाचक, कोल्हापूर

तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला, म्हणून उत्तर जरा लांब.

युटातल्या प्रोव्हो गावात चर्चचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. ज्याला नवी भाषा शिकायची नाही तो तिथे सुमारे तीन आठवडे असतो. स्पॅनिशसारख्या भाषेला सहा आणि जपानी, कोरियन, चिनी अशा भाषांना नऊ आठवडे. अलीकडे त्यातला सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो. शिकवणारे बहुतेक जण स्वतः त्या देशात दोन वर्षं काढून आलेले कॉलेजचे विद्यार्थी असतात. मुलाच्या कुठल्या चुका होणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, कारण त्या त्यांच्याही झालेल्या असतात.

क्रम असा. पहिल्या दिवशी नमस्कार-चमत्कार, स्वतःचं नाव आणि प्रार्थना. प्रार्थनेचे चार टप्पे आहेत : देवाला हाक, आभार, मागणी, येशूच्या नावाने शेवट. प्रत्येक टप्प्याचं एकेक वाक्य पाठ झालं की तिसऱ्या दिवशी मुलगा जपानीत प्रार्थना म्हणतो, मोडकीतोडकी का होईना. पहिल्याच आठवड्यात त्याला ‘पाहुण्या’समोर बसवतात. हा पाहुणा म्हणजे शिक्षकच, पण तो जपानी गृहस्थाच्या भूमिकेतून बाहेर येत नाही आणि इंग्रजीत एक अक्षर बोलत नाही. मुलगा अडकतो, खाली बघतो, पुन्हा वहीतलं वाक्य वाचतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाहुणा. जेवणाच्या रांगेतही जेवढं येतं तेवढं त्याच भाषेत बोलायचा नियम आहे.

हे जमतं याची कारणं साधी आहेत. विषय एकच असतो, म्हणजे शब्दसंग्रह लहान. बोलायची गरज रोजची असते. आणि चुकलो तर गुण कापले जाणार नसतात. परदेशी पोचल्यावर सकाळी साडेसहाला उठून व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास आणि त्याच्या जोडीला अर्धा ते एक तास भाषा. मग दिवसभर रस्त्यावर. रात्री साडेदहाला दिवे बंद. वेळा थोड्याफार हलतात, साचा हाच.

यात खोटही आहे आणि ती तुमच्यासारख्या शिक्षकांना लगेच दिसेल. मुलगा ‘पश्चात्ताप’ आणि ‘पुनरुत्थान’ अस्खलित म्हणतो, पण औषधाच्या दुकानात पोट बिघडलंय हे त्याला सांगता येत नाही. कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, मागे पडते. सगळी वाक्यं एकाच सभ्य पातळीवर राहतात, त्यामुळे लहान मुलाशी आणि आजोबांशी तो सारखाच बोलतो. चांगला ज्येष्ठ जोडीदार यावर उपाय म्हणून नव्याला बाजारहाट, पोस्ट, रेल्वेचं तिकीट अशी कामं मुद्दाम एकट्याने बोलायला लावतो आणि स्वतः दोन पावलं मागे उभा राहतो. रोजचे नवे शब्द दहाच्या आत ठेवावेत आणि त्याच दिवशी किमान तीनदा तोंडातून काढावेत. वहीत साठलेल्या शंभर शब्दांचा उपयोग होत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एक फायदा आहे, तो वर्गात जरूर सांगा. अमेरिकन मुलाला क्रियापद शेवटी न्यायला महिने लागतात. मराठी माणूस मुळातच ‘मी भात खाल्ला’ म्हणतो, ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमाशिता’ त्याच चालीवर बसतं. ‘तो येतो असं म्हणाला’ यातला ‘असं’ जिथे येतो, तिथेच जपानीतला ‘तो’ येतो : ‘कुरु तो इत्ता’. शब्दयोगी अव्ययंही नामाच्या मागेच लागतात. अर्धं व्याकरण आपल्या घरचंच आहे. फक्त तोंड उघडायला हवं.

जपानी भाषेत अडखळणं समजू शकतं. पण भाषा आल्यावरही त्यांचं शिकवणं फसतं असं ऐकलं. कशामुळे?
– एक विद्यार्थी, पुणे

सगळ्यांत मोठी अडचण ‘देव’ या शब्दाचीच आहे. मिशनरी ‘कामी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एकच निर्माता असतो. ऐकणाऱ्या जपानी आजींच्या मनात डोंगराचा, झाडाचा, वाडीतल्या देवळाचा कामी असतो. दोघं पाऊण तास बोलतात, माना डोलावतात आणि दोघांचं वेगवेगळ्या गोष्टींवर एकमत होतं. म्हणून अनुभवी मिशनरी ‘तेन नो ओतोऽसामा’, म्हणजे ‘स्वर्गातले पिताजी’, असा शब्द वापरतात आणि त्याआधी विचारतात, ‘तुम्ही कामी म्हणता तेव्हा मनात काय येतं?’ हा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर पुढचा सगळा धडा वाऱ्यावर जातो.

हा घोटाळा फार जुना आहे. १९०१ साली चर्चचे एक वरिष्ठ नेते हेबर ग्रांट यांच्याबरोबर योकोहामाला उतरलेल्या पहिल्या तुकडीत आल्मा टेलर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो आठ वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला आणि त्याने ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या चर्चच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर केलं. १९०४ मध्ये सुरू झालेलं काम १९०९ मध्ये छापून आलं. शेवटचा हात इकुता चोऽको या जपानी साहित्यिकाने फिरवला. भाषा त्या काळच्या ग्रांथिक वळणाची होती. बोलीच्या जवळचं भाषांतर यायला १९५७ उजाडलं. मधल्या काळात, १९२४ साली, मोहीमच बंद झाली होती. तेवीस वर्षांत दोनशेहून कमी बाप्तिस्मे झाले होते. १९४८ मध्ये ती पुन्हा उघडली.

दुसरी अडचण होकाराची. जपानी माणूस ऐकताना ‘हाइ, हाइ’ म्हणतो, ते आपल्या ‘हं, हं’ सारखं आहे : ऐकतोय, पुढे बोला. नवा मिशनरी त्याला संमती समजतो आणि डायरीत लिहितो, ‘यांनी सगळं मान्य केलं.’ दारात ‘केक्को देस’ म्हणाले, तर शब्दशः ‘छान आहे’, पण अर्थ ‘नको’. ‘कांगाएते ओकिमास’, म्हणजे ‘विचार करून ठेवतो’. आपल्याकडचं ‘बघू या, कळवतो’ ज्याला कळतं, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. नवा मुलगा मात्र पुढच्या मंगळवारी पुन्हा बेल वाजवतो, आणि त्या घराचं दार कायमचं बंद होतं.

तिसरी गोष्ट धड्याच्या लांबीची. मिशनऱ्यांची मार्गदर्शिका २००४ साली आली आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक धड्याचे तीन आराखडे होते : ३ ते ५ मिनिटांचा, १० ते १५ मिनिटांचा आणि ३० ते ४५ मिनिटांचा. पहिला धडा जोसेफ स्मिथ यांच्यामार्फत झालेल्या येशूच्या मूळ चर्चच्या पुनःस्थापनेचा, दुसरा जीवन आणि मृत्यूनंतरच्या योजनेचा, तिसरा श्रद्धा, पश्चात्ताप आणि बाप्तिस्म्याचा. पूर्वी, २००४ च्या आधी, संवाद जवळजवळ पाठ करून म्हणत. आता क्रम मोकळा आहे, ऐकणाऱ्याला जे हवं त्यापासून सुरुवात करता येते. फसतं ते बहुधा इथेच : ज्याला पाच मिनिटं आहेत त्याला पंचेचाळीस मिनिटांचा धडा ऐकवला जातो, कारण तेवढाच तयार असतो. तयारी तिन्ही लांबींची हवी. आणि जोडीत कोण काय सांगणार हे घरी ठरलेलं हवं, नाहीतर ज्येष्ठच बोलत राहतो आणि कनिष्ठ सहा आठवडे मुका बसतो.

आणखी एक नाजूक जागा म्हणजे पूर्वज. जपानी घरात ‘बुत्सुदान’ असतो, म्हणजे पूर्वजांचा छोटा देव्हारा. तिथे उदबत्ती लावणं नव्या सदस्याने सोडावं असा नुसता भास जरी झाला, तरी घर पेटतं. गंमत अशी की पूर्वजांची काळजी या पंथातही खोलवर आहे. ते वंशावळी शोधतात आणि मृतांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्माही घेतात. हा पूल आहे, पण त्यावर घाईने पाय ठेवू नये. दुसऱ्या भेटीतच ‘तुमच्या आजोबांसाठीही’ असं म्हटलं, तर ते समोरच्याला आजोबांवर हक्क सांगितल्यासारखं वाटतं. आधी त्या आजोबांबद्दल विचारावं. फोटो कुठला, ते काय काम करत, त्यांना काय आवडे. आमच्या मते परदेशातल्या मिशनऱ्याचं सगळं यश या ऐकून घेण्यावर ठरतं, बाकी व्याकरण वगैरे मागाहून.

घरी आले तर चहा दिला, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. आमचं काही चुकलं का?
– एक वाचक, योकोहामा

काहीच चुकलं नाही. त्यांना चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे. हा नियम २७ फेब्रुवारी १८३३ पासूनचा. चहाच्या झुडपाचं पान असलेलं सगळं त्यात येतं, म्हणून जपानी हिरवा चहा आणि भाजलेला होऽजिचाही नाही. २०१९ मध्ये चर्चने हिरव्या चहाबद्दल स्पष्टच लिहिलं. ‘मुगिचा’ मात्र जवाचा असतो, तो चालतो. मराठी घरात कोकम सरबत, ताक, पन्हं, लिंबूपाणी काहीही द्या, आनंदाने घेतील. जेवायला बोलावलंत तर वेळ आधी सांगा आणि तिखट बेताचं ठेवा. घरी एकटी बाई असेल तर दोन मुलं आत येणार नाहीत, दारातच बोलतील. तो त्यांचा नियम आहे, त्यात अपमान नाही.

निशि-कासाइजवळ ते इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग घेतात. मुलाला पाठवावं का? धर्म गळी उतरवतात का?
– एक वाचक, टोकियो

‘एइकाइवा’चे हे वर्ग जपानभर चर्चच्या इमारतींत आठवड्यातून एकदा होतात आणि खरोखर फुकट असतात. शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक नसतात. उच्चार आणि गप्पांसाठी वर्ग चांगला, परीक्षेच्या तयारीसाठी नाही. शेवटी बहुधा छोटा धार्मिक विचार सांगतात, त्याआधी उठून जाता येतं. शिक्षक बदलत राहणार, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीवाचून बाप्तिस्मा देत नाहीत. तरीही पहिले दोन-तीन वर्ग स्वतः मागे बसून ऐका, आणि पुढच्या भेटीसाठी मुलाचा फोन क्रमांक मागितला तर तुमचा द्या.

बाप्तिस्मा कुणाला द्यायचा हे विशीतली मुलंच ठरवतात? मग आकडे वाढवायचा मोह होत नाही का?
– एक वाचक, मुंबई

मोह होतो, आणि एकदा त्याची मोठी किंमत मोजावी लागली. १९८० च्या आसपास टोकियोत आकड्यांची शर्यत लागली. रस्त्यात भेटलेल्या तरुणांना चर्चमध्ये नेऊन, थोडक्यात शिकवून, काही वेळा त्याच दिवशी पाण्यात उतरवलं गेलं. त्यातल्या अनेकांना आपण एका चर्चचे सदस्य झालो हेच कळलं नव्हतं. गोऱ्या मुलाने प्रेमाने बोलावलं, नाही कसं म्हणायचं, एवढ्यावर ते गेले होते. नंतर परतले नाहीत. स्थानिक जपानी सदस्यांच्या हाती नुसत्या नावांच्या याद्या उरल्या, आणि प्रत्येक नावामागे फिरून त्यांची दमछाक झाली. इंग्लंडमध्येही १९६० च्या सुमारास खेळाच्या संघांत मुलं गोळा करून असंच झालं होतं. मिशनरी वाईट होते असं नव्हे. लक्ष्य आकड्यात सांगितलं की विशीतला मुलगा आकडाच आणून देतो.

आजची पद्धत अशी आहे. आधी धडे, रविवारच्या सभांना हजेरी, चहा-कॉफी-दारू-तंबाखू सोडणं, उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची तयारी, विवाहबाह्य संबंध नसणं. मग मुलाखत. ती शिकवणाऱ्याने घ्यायची नाही, शेजारच्या जोडीतला गटप्रमुख घेतो आणि तेही एकांतात. हाच खरा अटकाव आहे, कारण शिकवणाऱ्यासमोर ‘नाही’ म्हणायला जड जातं. गंभीर गुन्ह्याचा इतिहास असेल तर विषय मिशनच्या, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मिशनऱ्यांच्या, अध्यक्षांकडे जातो. हे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी तीन वर्षांसाठी नेमलेले असतात. आठ वर्षांखालच्या मुलाला बाप्तिस्मा नाही. पांढरे कपडे, संपूर्ण बुडवणं, दोन साक्षीदार. पायाचा अंगठा किंवा कपड्याचं टोक वर राहिलं तर विधी पुन्हा होतो.

हे लोक महाराष्ट्रात कधी आले होते का? आज येऊ शकतात का?
– एक वाचक, नाशिक

आले होते, आणि तेही फार लवकर. ह्यू फिंडले हे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यात त्यांनी छोटी मंडळी जमवली. त्यांचा भर ब्रिटिश छावणीतल्या लोकांवर होता. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध झाला, आणि त्या काळी नव्या सदस्याने युटाला येऊन राहावं अशी अपेक्षा असे. मुंबईहून युटा म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. थोड्याच वर्षांत हे काम थांबलं. आज भारतातली त्यांची कामं बंगळुरू आणि नवी दिल्ली या दोन मिशनमधून चालतात, आणि २०१२ मध्ये हैदराबादला त्यांचा देशातला पहिला मोठा विभाग झाला.

परदेशी व्यक्तीला भारतात मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. आपल्या घटनेतल्या धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आहे. काही राज्यांत स्वतंत्र कायदेही आहेत. इतर देशांतही मर्यादा आहेत : रशियात २०१६ च्या कायद्यानंतर ते ‘स्वयंसेवक’ म्हणून राहू लागले, तर जेरुसलेममधल्या चर्चच्या विद्यापीठ केंद्रात प्रचार न करण्याची लेखी हमी आहे.

माझ्या मुलीची अमेरिकेतली मैत्रीण साप्पोरोला मिशनवर गेली आहे. तिला दिवाळीचा फराळ पाठवता येईल का? फोन करता येतो का?
– एक वाचक, ठाणे

फोन ती आधी घरच्यांना करेल. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा आईवडिलांशी बोलायची परवानगी आहे, त्याआधी वर्षातून दोनदाच असे. मैत्रिणीला ईमेल उत्तम. आठवड्यातल्या तयारीच्या दिवशी, बहुधा सोमवारी, ती वाचेल. त्याच दिवशी कपडे धुणं, किराणा आणि पत्रं हे सगळं असतं, म्हणून उत्तर दोन ओळींचं आलं तर रुसू नका.

फराळ पाठवताना तिच्या खोलीचा पत्ता घालू नका. बदली झाली की पुडकं मागे राहतं. मिशनच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, तिचं नाव वर लिहून पाठवा. टिकणारंच निवडा : शंकरपाळे, चिवडा, कडक बुंदीचे लाडू. दूध-खव्याचं नको, आणि मांसाचा अंश असलेलं काहीही नको, जपानी सीमाशुल्क ते अडवतं. यादीत प्रत्येक पदार्थ आणि वजन इंग्रजीत लिहा, नुसतं ‘फराळ’ लिहिलं तर डबा उघडला जातो. थोडं जास्तच घाला. तिची जोडीदार शेजारीच बसलेली असणार.